आधी कच्चे काम
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'नोकरी बदलताना' या विषयावर बोलायला सांगितले आहे. दोन दशकांहून अधिक काळ मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तीनदा नोकरी बदलली आहे, एवढाच माझा अधिकार.

आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. मुलांची बारावी, घराचे हप्ते, आई-वडिलांची औषधे सगळे एकदमच चालू आहे. या वयात नोकरी सोडू नये, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सोडायची की नाही, हे मनाला विचारा. कधी सोडायची, हे मात्र कागदावर ठरवा. गणिताचे सर उजवीकडे कच्चे काम दिसले नाही तर बरोबर उत्तराचेही गुण कापायचे. सर, ती सवय आजही कामी येते!

माझ्या कच्च्या कामातली पहिली ओळ असते विम्याची. कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नवी कंपनी आई-वडिलांना विम्यात घेईलच असे नाही. स्वतंत्र पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. मी २०१९ मध्ये, कंपनीचा विमा चालू असतानाच, आई-बाबांची वेगळी पॉलिसी घेतली. घरात सगळे म्हणाले, "एक विमा असताना दुसरा हप्ता कशाला?" २०२३ मध्ये मी एका लहान कंपनीत गेले. तिथे आई-वडिलांना विमा नव्हता. पुढच्याच वर्षी बाबांची बायपास झाली. त्यांना मधुमेह जुना, पण तोवर प्रतीक्षा संपलेली होती. त्या आठवड्यात आम्हाला फक्त बाबांची काळजी करायची होती, पैशांची नाही.

दुसरी ओळ ग्रॅच्युइटीची. कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली की ती मिळते. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. मूळ पगार ६०,००० असेल, तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख ७३ हजार होतात. पाच वर्षे भरायला दोन-तीन महिने उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून बघा. विचारायला काही लागत नाही.

तिसरी ओळ पीएफची. नोकरी बदलली की पीएफ काढून टीव्ही घेणारे मी पाहिले आहेत. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून खाते नव्या नोकरीत वळवून घ्या.

माझ्या टीममधल्या मुलींना मी आणखी एक सांगते, तुम्ही आपल्या लेकी-सुनांना सांगा. प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, पण अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. बाळाचा विचार असेल, तर नोकरी बदलण्याआधी हे दिवस मोजावेत.

शेवटची ओळ साधी आहे. आमच्या क्षेत्रात नोटीस बऱ्याचदा ९० दिवसांची असते. नवे नियुक्तिपत्र लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. फोनवरचा "समजा झालंच" हा शब्द बँकेत चालत नाही. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. तो असला की मुलाखतीत आवाज आपोआप ठाम होतो.

हे सगळे घाबरवण्यासाठी सांगितले नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना काहीतरी वेगळे करायचे आहे, ते काल रात्रीच्या गप्पांत कळले. कुणाला शिकवायचे आहे, कुणाला गावाकडे परतायचे आहे. जरूर करा. अजून पंधरा वर्षे काम करायचे आहे, ती मन मारून कशाला काढायची? ज्यांच्या डोक्यात असे काही घोळते आहे, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. येताना कागद-पेन आणि शेवटची पगारपावती घेऊन या. आपण मिळून बेरीज-वजाबाकी करू.