बोटाच्या ठशाआधी जन्माची नोंद



मित्र-मैत्रिणींनो,

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचे ठसे लगेच मशीनने घेतले, तर त्याच्या ओळखीचा प्रश्न कायमचा सुटेल का? हा प्रश्न वर्ध्यात विचारायलाच हवा. इथल्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. त्याच्या ३० वर्षे आधी ट्रान्सवालच्या सरकारने आठ वर्षांच्या मुलांपासून सगळ्या हिंदी लोकांची ठशांसह सक्तीची नोंद करायचे ठरवले होते. ११ सप्टेंबर १९०६ च्या जोहान्सबर्गच्या सभेत हाजी हबीब यांनी अल्लाहला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. १९०८ मध्ये हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीपत्रांची होळी झाली. पण त्याच वर्षी, सक्ती जाणार असे वाटले तेव्हा, गांधीजींनी स्वखुशीने ठसे दिलेही होते. विरोध सक्तीला होता.

नवजात बाळ संमती देऊ शकत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण शरीराची. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, पण त्या फार बारीक असतात. त्वचा मऊ, मूठ आवळलेली. साध्या स्कॅनरला त्या नीट दिसत नाहीत. म्हणूनच पाच वर्षांखालच्या बाल आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन घेत नाहीत. बाळाचा फोटो घेऊन ते आई किंवा वडिलांच्या आधारला जोडतात. ठसे पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की मुलाच्या आधारसाठी पालकांची संमती लागते, आणि आधार नाही म्हणून मुलाला कोणत्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही.

मग बाळाला पहिली ओळख कशाने मिळते? वॉर्डात आई आणि बाळ दोघांच्या मनगटावर बांधलेल्या पट्टीने, आणि बाहेर जन्मदाखल्याने. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे.

नोंद २१ दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा उशिराच्या नोंदींचे दाखले देणे थांबवून चौकशी लावली, नंतर नियम कडक केले. ज्यांची नोंद राहून गेली, त्यांच्यामागे आज किती हेलपाटे आहेत, हे आपल्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा.

आपल्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठेवले जाते. म्हणजे मुदतीत दोन आठवडे शिल्लक असतात. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नाव पुढे घालता येते. आईचे नाव माहेरचे की सासरचे, 'बी' की 'बेगम', 'शेख' आधी की शेवटी, हे आईवडिलांच्या कागदांशी जुळवून स्पष्ट लिहून द्या. दाखला हातात आला की तिथेच वाचून बघा.

तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या गल्लीतली एवढी दोन-तीन घरे सांभाळावीत, अशी माझी विनंती आहे. मशीन येईल तेव्हा संमतीचा प्रश्न आपण जरूर विचारू. पण २१ दिवसांची मुदत आजही चालू आहे.