मोठ्या झाडासाठी कोणती चेनसॉ?

मोठं झाड पाडायचं तर सर्वांत मोठ्या इंजिनाची चेनसॉ घ्यावी, असं वाटणं स्वाभाविक आहे; आकडे मात्र वेगळं सांगतात. जर्मनीच्या श्टिल कंपनीच्या एमएस ८८१चं इंजिन १२१.६ सीसीचं, ताकद ६.४ किलोवॉट आणि बार-साखळी सोडून वजन ९.९ किलो. त्याच कंपनीची एमएस ५००आय ७९.२ सीसीतून ५ किलोवॉट देते, वजन फक्त ६.२ किलो. स्वीडनच्या हुस्क्वार्नाची ३९५ एक्सपी ९३.६ सीसीची असूनही ४.९ किलोवॉटवर थांबते, शिवाय भरते ७.९ किलो. ५००आयमध्ये कार्ब्युरेटर नाही. इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं फवारलं जातं, त्यामुळे ती वेगही चटकन घेते.

कुणी म्हणेल, जाड बुंध्याला लांब बार हवा आणि तो ओढायला जोर हवा. खरं आहे, आडव्या ओंडक्याच्या फळ्या पाडताना ८८१च हवी. पण उभं झाड दोन्ही बाजूंनी कापत गेलं, तर बारच्या जवळपास दुप्पट जाडीचा बुंधाही पडतो. तोडणाऱ्याला उतारावर उभं राहून खाच घ्यायची असते आणि झाड कलताच ठरवलेल्या वाटेनं मागे सरायचं असतं. दमलेल्या हातांना उसळलेली करवत आवरत नाही. म्हणून माझ्या मते सीसीच्या आधी वजन पाहावं.