खुब्याचें दुखणें आणि हातांतली काठी



खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ही आतां आपल्याकडे अपूर्व गोष्ट राहिलेली नाहीं. पुण्यामुंबईंतच काय, जिल्ह्याच्या गांवींही ती होते, आणि ज्याच्यावर ती झाली आहे असा एखादा वडीलधारा मनुष्य आळींत सहज भेटतो. त्यांपैकीं बहुतेकजण सुखानें हिंडतात-फिरतात. त्यांच्याविषयीं मला आज बोलावयाचें नाहीं. शस्त्रक्रिया होऊन वर्ष लोटलें, जखम भरून आली, एक्स-रेमध्यें सांधा चोख बसलेला दिसतो, आणि तरीही पाय दुखतो, शंभर पावलांवर थांबावें लागतें, अशीं जीं माणसें असतात त्यांच्याविषयीं आणि त्यांच्या घरच्यांविषयीं थोडें सांगावें असा विचार आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मीं सारा जन्म शाळेंत मुलांना गणित आणि शास्त्र शिकविलें. परंतु माझा उजवा खुबा बदलून पांच वर्षें झालीं, आणि त्या पांच वर्षांतला एकही आठवडा अगदीं दुखण्यावांचून गेलेला नाहीं. तेव्हां या विषयावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे असें मी समजतों.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतो. शाळेच्या पुस्तकांत यास उखळीचा सांधा म्हणतात. आंतलें गुळगुळीत अस्तर झिजलें, किंवा रक्ताचा पुरवठा तुटून गोळाच ढांसळला, म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें. अशा जागीं कृत्रिम सांधा बसविण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या ग्लुक नांवाच्या शस्त्रवैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंताचे सांधे करून पाहिले होते. पण आजच्या शस्त्रक्रियेचा खरा पाया घातला तो इंग्लंडांतील जॉन चार्न्ली यानें. रायटिंग्टन येथील रुग्णालयांत १९६२ सालच्या नोव्हेंबरांत त्यानें धातूचा लहान गोळा आणि दाट पॉलिथिलीनची वाटी यांचा सांधा बसविला, आणि तो टिकला. त्यापूर्वीं त्यानें टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या भराभर झिजल्या. तेव्हां या पदार्थांचा शरीरावर काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं त्यानें त्यांचे नमुने आपल्याच मांडींत बसवून घेतले. दुसऱ्याच्या दुखण्याची इतकी चौकशी करणारा मनुष्य विरळा!

आतां मुद्द्याची गोष्ट. ब्रिस्टल येथील संशोधकांनीं २०१२ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून असें दाखविलें कीं, शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहिलेल्यांचें प्रमाण खुब्याच्या बाबतींत शेंकडा ७ ते २३ पडतें. गुडघ्याच्या बाबतींत तें याहूनही अधिक, म्हणजे १० ते ३४ आहे. चाळीस मुलांच्या वर्गांत तीन ते नऊ मुलें! इतकीं मुलें मागें पडलीं तर कोणताही मास्तर वर्गाचा निकाल उत्तम लागला म्हणून स्वस्थ बसणार नाहीं. परंतु या दुखणाऱ्या माणसांच्या बाबतींत नेमकें तेंच होतें. एक्स-रे चांगला आहे, सबब तुम्ही बरे आहांत, असा निकाल त्यांस ऐकविला जातो. माझ्या घरींही प्रथम असेंच झालें. मुलगा म्हणे, "अण्णा, डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे, मग तुम्हांला दुखतं कुठं?" त्याच्या बोलण्यांत वांकडें कांहीं नव्हतें, त्याला खरोखरच कळत नव्हतें. पण माणसाच्या दुखण्यावर घरच्यांचा विश्वास बसेनासा झाला म्हणजे तो मनुष्य एक तर सारखा कण्हूं लागतो, नाहीं तर बोलावयाचेंच सोडतो; आणि दोहोंपैकीं दुसरी गोष्ट अधिक वाईट.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, दुखणें कोठें आहे, केव्हां उठतें, कशानें वाढतें, हें कागदावर लिहून काढावें आणि तो कागद शस्त्रवैद्यापुढें ठेवावा. नुसतें "पाय दुखतो" म्हटल्यानें त्यास कांहींच बोध होत नाहीं. खुर्चीवरून उठून टाकलेल्या पहिल्या दोनचार पावलांनाच जांघेंत किंवा मांडींत कळ येत असेल, तर बसविलेला सांधा सैल होत आहे काय याची शंका घ्यावी लागते. पाय उचलून रिक्षांत ठेवतांना जांघेंत दुखत असेल, तर तेथील स्नायूची दोरी वाटीच्या कडेवर घासत असण्याचा संभव असतो. कुशीवर निजतांना खुब्याच्या बाहेरच्या अंगास दुखत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या स्नायूंच्या बंधांत असतो. दुखणें ढुंगणापासून पोटरीखालीं उतरत असेल, तर मूळ खुब्यांत नसून पाठीच्या मणक्यांत असूं शकतें. ही पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं अशी गोष्ट आहे. कांहींच्या दोन पायांच्या लांबींत शस्त्रक्रियेनंतर थोडा फरक पडतो, आणि योग्य मापाची पट्टी बुटांत घातल्यानें त्यांस आराम वाटतो.

आणखी एक ताकीद देऊन ठेवतों. कित्येक महिने बरा असलेला खुबा एकाएकीं दुखूं लागला, ताप आला, व्रणावर लाली दिसली किंवा त्यांतून पाणी येऊं लागलें, तर उद्यांवर टाकूं नये. कृत्रिम सांध्यांतील जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होऊं शकतो. तसेंच पाय एकदम आंखूड होऊन वळला व उभें राहवेना, किंवा पोटरी सुजून दुखूं लागली, तर तडक रुग्णालय गांठावें.

हें सर्व पाहून झालें, रक्त तपासलें, एक्स-रे झाले, आणि कांहींच सांपडलें नाहीं, तर काय समजावयाचें? दुखणें खोटें असें मुळींच नव्हे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेस वैद्यकांत वेगळें मानतात. वर्षानुवर्षें झिजलेल्या सांध्याचे निरोप वाहून वाहून मज्जातंतु आणि मेंदु इतके हळवे होऊन बसतात कीं, सांधा बदलल्यावरही ते पूर्वींचीच हांकाटी चालूं ठेवतात. चोर पकडला गेला तरी घाबरलेला पहारेकरी रात्रभर "कोण आहे?" म्हणून ओरडत राहतो, त्यांतलाच हा प्रकार. पहारेकऱ्याचा घसा खरोखरच कोरडा पडलेला असतो. तो सोंग करीत नाहीं.

अशा वेळीं पुन्हां शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न घरोघर निघतो. मलाही एका ठिकाणीं तसें सुचविण्यांत आलें होतें. मीं दुसऱ्या दोन तज्ज्ञांचें मत घेतलें. दोघांनींही एकच सांगितलें कीं, सैलपणा, जंतुसंसर्ग, असें निश्चित कारण हातीं लागल्यावांचून केवळ वेदनेसाठीं सांधा पुन्हां उघडूं नये, कारण अशा शस्त्रक्रियेचा लाभ बेभरंवशाचा आणि धोका पहिलीहून मोठा. मला तें पटलें. वेदनाशामक गोळ्यांविषयींही असेंच. चार दिवस घेणें वेगळें आणि महिनोन्महिने स्वतःच्या मनानें घेत राहणें वेगळें. त्यांतील कित्येक गोळ्या जठरास आणि मूत्रपिंडास अपाय करतात, आणि उतारवयांत तर अधिकच.

मग उरतें तें चालणें. येथें मला आलेला एक अनुभव सविस्तर सांगतों. दुखऱ्या माणसाची चाल बहुधा दुखण्याच्या तंत्रानें चालते. बरें वाटलें त्या दिवशीं तो मनसोक्त हिंडतो, आणि पुढचे तीन दिवस पलंगावर काढतो. आमच्या घरीं सौभाग्यवती म्हणत, "अहो, आज इतकं बरं वाटतंय तर तुळशीबागेपर्यंत जाऊन येऊं कीं!" फिजिओथेरपिस्ट बाईंनीं मला याच्या उलट शिकविलें. आमच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत. दुखणें वाढूं लागण्यापूर्वीं किती खांब जातां येतें तें मीं तीन दिवस मोजलें. बारा, सात आणि अकरा, म्हणजे सरासरी दहा. त्यांतून कांहीं वजा करून सात खांब हा नेम ठरला. सकाळीं सात, संध्याकाळीं सात. बरें वाटलें तरी आठवा नाहीं, आणि थोडें दुखलें तरी सहाव्यावर परत फिरणें नाहीं. आठवडाभर हा नेम पचला, म्हणजे चालून उठलेलें दुखणें दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत उतरलें, तर एक खांब वाढवावयाचा. चौकटीच्या वहींत मी रोज मांडीत असें. सात खांबांवरून वाचनालयापर्यंत पोंचण्यास मला आठ महिने लागले. दुखणें गेलें काय? नाहीं. पण वाचनालयांत जातों.

आणि आतां काठी. आमच्या आळींत एक निवृत्त कारकून आहेत. त्यांचाही खुबा बदललेला. ते काठीस "म्हातारपणाची जाहिरात" म्हणतात आणि ही जाहिरात टाळण्यासाठीं गेलीं तीन वर्षें घराबाहेर पडत नाहींत! कांहींजण त्याऐवजीं छत्री घेतात. छत्री ही काठी नव्हे. तिचें टोक फरशीवर घसरतें आणि तिची उंची आपल्या मापाची नसते. काठी ही लाजेची वस्तु नसून तरफ आहे, हें मुलांना शिकवावें तसें मला आपणांस सांगूं द्या.

समजा, एका माणसाचें वजन ६० किलो आहे. तो उजव्या पायावर उभा राहिला, डावा उचलला, म्हणजे उजव्या खुब्यावर बाकीच्या शरीराचे सुमारें ५० किलो तोलले जातात. हा भार सांध्यापासून सुमारें १० सेंटिमीटर आंतल्या बाजूस ओढतो. त्याचा तोल सांवरणारे स्नायू बाहेरच्या बाजूस आहेत, पण सांध्यापासून अवघ्या ५ सेंटिमीटरांवर. तरफेच्या नियमाप्रमाणें ५० गुणिलें १० म्हणजे ५००, भागिलें ५, स्नायूंनीं १०० किलोनें ओढलें तेव्हां तोल राहतो. सांध्यावर दोन्हींची बेरीज पडते, १५० किलो! बर्लिनमध्यें बेर्गमान यांनीं सांध्यांतच मापकयंत्रें बसवून प्रत्यक्ष मोजणी केली, तींतही साध्या चालण्यांत वजनाच्या सुमारें अडीचपट आणि अडखळतांना सातआठ पटींपर्यंत भार आढळला.

आतां त्याच माणसानें डाव्या हातांत काठी घेऊन तिच्यावर नुसता ८ किलोचा भार दिला. काठी सांध्यापासून सुमारें ३५ सेंटिमीटर दूर. ८ गुणिलें ३५ म्हणजे २८०. पांचशांतून २८० गेले, राहिले २२०. स्नायूंस आतां १०० ऐवजीं ४४ किलोनेंच ओढावें लागतें, आणि सांध्यावरचा एकूण भार १५० वरून ८६ वर येतो. कागदावर हिशेब इतका सुरेख उतरतो; प्रत्यक्षांत काठीवर एवढा भार सतत पडत नाहीं, म्हणून उतार कमी मिळतो. पण दिशा हीच. यावरून ध्यानांत येईल कीं, काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातांतच धरली पाहिजे. नाटकासिनेमांतले लंगडे मात्र ती दुखऱ्याच बाजूस धरून चालतात, आणि लोक त्यांचेंच अनुकरण करतात. मिलवॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट नांवाच्या अस्थिवैद्यानें १९५६ सालीं काठी फेकूं नका, अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेखच लिहिला होता. तो शस्त्रवैद्यांना उद्देशून होता.

पायांत जोडे घालून, हात सरळ खालीं सोडून उभें राहावें. मनगटाची रेघ जेथें येते तेथें काठीची मूठ यावी. टोकाचें रबर झिजून गुळगुळीत झालें कीं बदलावें. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना काठी व दुखरा पाय आधीं. जुन्या वाड्यांच्या जिन्यांना एका बाजूस तरी घट्ट कठडा बसवून घ्यावा. काठीबरोबर व्यायामही हवाच, कारण हेच बाहेरचे स्नायू दुबळे पडले तर दुखऱ्या पायावर उभें राहतांना दुसऱ्या बाजूची कंबर खालीं ढळते. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९५ सालींच ही खूण वर्णिली आहे.

पाटावर बसून जेवणें, मांडी घालणें, उकिडवें बसणें, हें आपल्या अंगवळणीं पडलेलें. पहिले कांहीं आठवडे यांतलें बहुतेक वर्ज्य असतें; पुढें काय चालेल हें शस्त्रक्रियेच्या रीतीवर अवलंबून असतें, तेव्हां आपल्याच वैद्यास विचारावें, शेजाऱ्याच्या पथ्यावर जाऊं नये. बसावयाची खुर्ची गुडघ्याहून जरा उंच आणि हातांची असावी. न्हाणीघरांत ओल्या फरशीवर धरावयास दांडा बसवावा.

शेवटीं घरच्यांस एक विनंति. रस्त्यानें बरोबर चालतांना पुष्कळजण प्रेमानें त्याचा काठीचाच दंड धरतात, आणि काठी लुळी पडते. त्याच्या काठी नसलेल्या बाजूस, अर्धें पाऊल मागें चालावें. बसची पायरी आली म्हणजे त्यास वर ओढूं नये. आपला हात पुढें करून तो त्यालाच धरूं द्यावा, आणि वाहकास जरा थांबावयास सांगावें. बहुतेक वाहक थांबतात.