जुन्या गाडीला नवीं चाकें

पावसाळा ओसरून भाताचीं खाचरें पिवळीं पडूं लागलीं, कीं पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारीं सकाळीं एक निराळीच वर्दळ दिसूं लागते. भूगांव, पिरंगुट, पौड अशीं एकामागून एक गांवें मागें टाकीत नव्या मोटारी धांवत असतात, आणि त्यांच्यांतच एखादी ठेंगणी, उघड्या टपाची, दोन माणसांची जुनी गाडी आपल्याच आवाजांत चाललेली असते. तिचें बोनेट लांब, पुढचे मडगार्ड पंखांसारखे पसरलेले, आणि चाकें तारांचीं. रस्त्याकडेचीं मुलें ती कोणत्या कंपनीची हें विचारीत नाहींत. त्यांची नजर प्रथम चाकांवर जाते. मालकाचेंहि तसेंच असतें. गाडीवर चार पैसे खर्च करण्याची वेळ आली, म्हणजे त्याच्या मनांत पहिली इच्छा येते ती क्रोमच्या चकचकीत चाकांची.

या इच्छेला हंसण्याचें कारण नाहीं. पण ती पुरी करण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केलेला बरा. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींत ज्या गाडीला विशेष मान आहे, ती 'एम्. जी.' कंपनीची 'टी. सी. मिजेट' १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांतील ॲबिंग्डनच्या कारखान्यांत तयार झाली. अशा सुमारें दहा हजार गाड्या तेथून निघाल्या. १२५० सी. सी. चें इंजिन आणि १९ इंची, उंच व अरुंद अशीं तारांचीं चाकें, हा तिचा थाट. या चाकांना कारखान्यांत साधा चंदेरी रंग दिलेला असे. क्रोमचा मुलामा हा बहुतेक गाड्यांवर मागाहून चढलेला शृंगार आहे. तेव्हां क्रोमचीं चाकें बसविल्यानें गाडी 'मूळ स्वरूपांत' येते असें जें सांगण्यांत येतें, तें खरें नव्हे. शृंगार म्हणून तो खुशाल करावा. मात्र त्याला इतिहासाचें नांव देऊं नये.

तारेचें चाक ही वस्तु मोठी मौजेची आहे. बैलगाडीच्या चाकाचा लांकडी आरा भार दाबून झेलतो. तुंबा खालच्या आऱ्यावर जणुं उभा असतो. पण तारेवर उभें राहूं पाहिलें, तर तार वांकणारच. म्हणून तारेच्या चाकांत प्रत्येक आरा आधींच ताणून बसवितात, आणि सगळ्या आऱ्यांच्या परस्पर ओढीनें तुंबा मध्यें तोललेला राहतो. जाणता मिस्त्री एकेक आरा किल्लीनें हलकेच वाजवून पाहतो. तंबोऱ्याच्या तारांप्रमाणें सर्वांचा सूर जवळजवळ सारखा लागला पाहिजे. एखादा आरा बद्द वाजला, तर तो सैल आहे, आणि त्याच्या वांट्याचा ताण शेजाऱ्यांवर पडत आहे, असें समजावें. चाक कितीहि नवें असलें तरी ही परीक्षा चुकवूं नये.

परंतु खरी गोम चाकांत नसून चाक ज्यावर बसतें त्या हबांत असते. या जातीचें चाक चार-पांच बोल्टांनीं आवळलेलें नसतें. चाकाच्या तुंब्याच्या आंत बारीक, उभे दांते असतात, आणि गाडीच्या हबावर त्यांना जुळणारे दांते असतात. चाक हबावर सरकवावयाचें, आणि मध्यभागीं दोन कानांचा एकच मोठा नट हातोडीनें ठोकून आवळावयाचा, एवढीच ही रचना. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रज-व्हिटवर्थ या इंग्रजी कंपनीनें प्रचारांत आणली. शर्यतींत चाक झटपट बदलतां यावें, हा तिचा हेतु होता.

आतां या गाड्यांचें वय लक्षांत घ्यावें. सत्तर-पंचाहत्तर वर्षें चाललेल्या हबाचे दांते झिजून धारदार होतात. त्यावर नवें कोरें चाक चढविलें, तर झिजलेले दांते नव्या दांत्यांना कानशीसारखे खातात, आणि थोड्याच महिन्यांत नव्या चाकाचीहि तीच दशा होते. परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलून कोणाला तरी ब्रेक दाबून धरण्यास सांगावें, आणि चाक पुढेंमागें फिरवून पाहावें. हब जागचा न हलतां चाक तेवढें हललें, किंवा गाडी सुटतांना व थांबतांना चाकांतून 'टक्' असा आवाज आला, तर दांते गेले. दांते पुरते गेले, कीं चाक हबावर नुसतें फिरतें. मग इंजिनाचा जोर चाकाला पोंचत नाहीं, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेकहि पोंचत नाहीं. म्हणून खिशांत पैसा बेताचा असेल, तर तो प्रथम हबांवर खर्च करावा. दृष्टीस पडणार नाहीं अशा वस्तूवर खर्च करणें मालकाच्या जिवावर येतें, हें खरें; पण त्या वेळीं शेजारच्या बैठकीवर कोण बसणार आहे, हें त्यानें आठवावें.

मधल्या नटाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमींचे उजवे, तर उजव्या बाजूच्या नटाचे आटे डावे असतात. गाडी पुढें जातांना चाक ज्या दिशेनें फिरतें, त्याच दिशेनें नट फिरविला असतां तो सुटतो. हें प्रथम उफराटें वाटतें. चालतांना नट सुटणार नाहीं काय, असा प्रश्न कोणीहि विचारील. परंतु चाक व नट यांच्यामध्यें केंसाएवढी ढिलाई असते, आणि भाराखालीं चाक त्या ढिलाईंत लोळत असल्यामुळें नट किंचित् मागें मागें सरकतो. म्हणजे आवळला जातो. दुरुस्तीच्या घाईंत हब डाव्याचे उजवीकडे गेले, तर हाच न्याय उलटतो, आणि नट आपोआप सुटूं लागतो. नट ठोकण्यास हातोडी तांब्याची किंवा चामड्याच्या तोंडाची असावी. लोखंडी हातोडीच्या पहिल्याच घावानें कानांवरचा मुलामा उडतो.

मुलाम्याविषयीं दोन शब्द. क्रोमची झिलई म्हणून जी दिसते, तिच्यांत क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनाहूनहि पातळ असतो. गंजापासून रक्षण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर. निकेल कमी पडलें, तर मुळशीच्या पावसांत एकाच हंगामांत चाकावर तांबडे ठिपके उमटतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आम्लांत व विजेच्या कुंडांत पोलाद बुडविलें असतां त्यांत हायड्रोजन शिरतो, आणि ताणाखालचें कठीण पोलाद ठिसूळ होऊन पूर्वसूचनेवांचून तुटतें. मुलामा देतांच सुमारें २०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत कांहीं तास भाजल्यास हा दोष टळतो. पण गल्लींतल्या दुकानांत ही काळजी घेतली जातेच असें नाहीं. जोडलेलें चाक तसेंच कुंडांत बुडवून देणें, हा तर शुद्ध अविचार होय. आऱ्यांच्या बुडाशीं आम्ल राहतें आणि तेथूनच गंज धरतो. धाव आणि तुंबा क्रोमचे, पण आरे स्टेनलेस स्टीलचे, अशीं नवीं चाकें मिळतात, तींच घ्यावीं. कुंडापाशीं उभ्या राहणाऱ्या कामगाराचाहि विचार येथें करावयास हवा. त्या द्रावांतील क्रोमियमच्या वाफाऱ्यानें नाकाच्या पडद्यास भोंकें पडतात, आणि त्याच्यामुळें कर्करोगहि होतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. स्वस्त मुलाम्याची किंमत पुष्कळदां अशा ठिकाणीं चुकती होत असते.

ज्या गाड्यांचीं चाकें बोल्टांचीं आहेत, उदाहरणार्थ १९९८ च्या सुमारास गोव्यांत तयार होऊं लागलेली फायबरग्लासच्या अंगाची 'सॅन स्टॉर्म', त्यांचें काम सोपें. बोल्टांचें वर्तुळ, मधल्या भोंकाचा व्यास, चाकाची आंतबाहेर बैठक, आणि नटाच्या तोंडाचा उतार हीं चार मापें जुळलीं, कीं झालें.

मुळशीच्या रस्त्याला मात्र या सर्वांची कसोटी लागते. टाटांच्या धरणानें अडविलेलें मुळेचें पाणी सह्याद्रींतून खालीं भिऱ्याच्या वीजघरांत सोडलेलें आहे. हा उतार सुमारें ५०० मीटरांचा. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला होता. जी उंची पाण्याला वीज देते, तीच उंची ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरणाऱ्या गाडीला ब्रेकांत जिरवावी लागते. दोन माणसांसह गाडीचें वजन ९०० किलो धरलें, तर ही शक्ति सुमारें १३ लिटर थंड पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. यांतील कांहीं भाग इंजिन घेईल, कांहीं वारा घेईल. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्यें उतरावयाचा. उरलेली उष्णता ९ इंची ड्रमांत साठते, आणि ब्रेकचा सगळा जोर त्या लहानशा दांत्यांतून चाकाला जातो. तारांच्या मधून खेळणारा वारा ड्रमांना थंड करतो, हा या चाकांचा मोठा गुण. शोभेसाठीं आंतून तबकड्या बसवून तो घालवूं नये.

नवीं चाकें चढविल्यावर पहिली फेरी पौडापर्यंतच आहे असें समजावें. तेथें चहासाठीं थांबलें, म्हणजे चारी नटांवर हातोडीचे दोन-दोन ठोके पुन्हां घालावे, कारण नवें चाक बसतां बसतां थोडें सैल पडतें. मग एकेका हबाजवळ हात न्यावा. एकच हब इतरांहून अधिक तापला असेल, तर त्या दिवशीं पुढें जाऊं नये. उन्हें कलण्यापूर्वीं गाडी सावकाश पुण्यास परत न्यावी आणि दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीकडून तें चाक उतरवून घ्यावें.