टोपी पडली, पाऊल नाही
संचलन टीव्हीवर दिसतं घोटीव. खरी गंमत मैदानात. भाच्याच्या लष्करी अकादमीत दीक्षान्त संचलनाला गेलो होतो. उन्हात उभं राहून राहून एक कॅडेट सरळ आडवाच झाला! गुडघे ताठ ठेवले की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं. म्हणून उस्ताद सांगतात, बुटात बोटं हलवत राहा. दुसऱ्याची टोपी उडाली. ती उचलायची नसते, तिच्याकडे पाहायचंही नसतं. पठ्ठ्या उघड्या डोक्यानं डौलात ‘दहिने देख’ करून गेला.

मग आईवडिलांनी खांद्यावर लेफ्टनंटचे दोन-दोन तारे लावायचे. दाजींचे हात थरथरले. पिन थेट खांद्यात! भाचा हूं की चूं न करता ताठ. ताई एवढंच म्हणाली, ‘‘अहो, जपून. आता तो सरकारचा आहे.’’