परसातली ज्वारी, घरातली कोठी



आम्ही बँकेत काऊंटरवर बसणारी माणसे. शेतीवर बोलण्याचा आम्हाला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. परंतु दर श्रावण-भाद्रपदात दागिना तारण ठेवायला येणाऱ्या आयाबाया आम्ही पाहतो. विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "दाणे भरायचेत." फाल्गुनात खळ्यावर स्वस्त मिळणारी ज्वारी तोवर महाग झालेली असते. रेशनचा गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. पण भाकरीची ज्वारी बहुतेकांना विकतच घ्यावी लागते.

आपल्यातील कितीतरी घरांना शिवारात जमीन नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे कोणी गायरानाचा तुकडा कसला, बाकीच्यांकडे उरला तो घरामागचा परस.

अशाच दोन गुंठ्यांत आम्ही सप्टेंबरअखेर मालदांडी पेरली. बियाणे लागले जेमतेम शंभर ग्रॅम. दीड फुटावर ओळी आणि कडेने तूर. पहिल्या वर्षी चिमण्या-पोपटांनीच सुगी केली! दुसऱ्या वर्षी कणसांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, तेव्हा पंचवीस किलो दाणे झाले. पाच माणसांच्या घरात रोज दोन किलो पीठ लागते. म्हणजे बारा दिवसांची भाकरी. परसात वर्षाचे धान्य पिकते असे सांगणाऱ्यांच्या घरी भाकरी खातात की नाही कोण जाणे! आम्हाला बियाणे मिळाले, शेळीला कडबा झाला, तुरीचे वरण झाले. बाकीचे धान्य खळ्यावरूनच घ्यायचे. शक्य तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावे आणि नीट साठवावे. खरी बचत तिथे आहे.

त्यातही आम्ही फसलो. चैत्राच्या उन्हातून काढलेली ज्वारी तशीच गरम पत्र्याच्या कोठीत भरली. आत घाम सुटला आणि आषाढात झाकण उघडले तर सोंडे किडे भिंतीवर चढलेले. आमची आई म्हणाली, "बँकेत शिकवत नाहीत का रे हे?" तिचा रिवाज असा: दाणा दाताखाली कट्‌कन वाजेपर्यंत वाळवायचा, रात्रभर सावलीत निववायचा आणि मगच भरायचा. थराथरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. कोठी भिंतीपासून हातभर दूर, दगडांवर. पूर्वीच्या कणग्या शेणामातीने लिंपून अशाच उंचावर ठेवीत.

गावाच्या पांढरीत जुनी पेवे कुठे कुठे अजून आहेत. त्यात उतरू नका. बंद पेवात हवा कोंदते. आधी कंदील सोडून पाहत, तो विझला की कोणी उतरत नसे. तसेच धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसालाही मारतो.

महिन्यातून एकदा धान्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर कीड लागली असे समजावे आणि सगळे धान्य उन्हात पसरावे. गेल्या आषाढात आमच्या आईने हात घातला, तो थंड लागला. त्या दिवशी तिने शेजारणीला उसनी दोन पायली ज्वारी दिली.