घर भाड्याने देण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण, हुंडा, विवाहखर्च या विषयांवर येथे दरवर्षी विचार मांडले जातात व ते योग्यच आहे. परंतु आपल्यातील अनेक कुटुंबांच्या संसाराशी निगडित असा एक प्रश्न व्यासपीठावर सहसा येत नाही. घर भाड्याने देताना भाडेकरूची पारख कशी करावी, हा तो प्रश्न होय.

बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव येथे आपल्यापैकी अनेकांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून घर बांधले आणि म्हातारपणाचा आधार म्हणून माडीवर दोन खोल्या काढल्या. ज्याची दहा बिऱ्हाडांची चाळ आहे, त्याचा एक भाडेकरू बुडाला तरी उरलेले नऊ ते भरून काढतात. दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी भागविणाऱ्या विधवा भगिनीस मात्र एक वाईट भाडेकरू पुरेसा होतो.

आपल्या वडिलांच्या पिढीस या व्यवहाराची धास्ती वाटे, आणि त्यास कारण होते. बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असताना 1949 साली घरभाडे नियंत्रणाचा हुकूम निघाला. त्यान्वये भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. मग खटला चाले तो निराळाच. म्हणून कित्येकांनी खोल्यांस कुलूप लावणे पसंत केले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला व तो जुना हुकूम गेला. तरी जुनी भीती मात्र घराघरांतून राहिली आहे. भीतीपोटी घर बंद ठेवण्यात शहाणपण नाही, आणि डोळे मिटून देण्यातही नाही.

तेव्हा पारख कशाने करावी? पहिली चौकशी आधीच्या घराची. येथे एक बारकावा आहे. सध्याच्या घरमालकास भाडेकरू नकोसा झाला असेल, तर तो त्याची स्तुतीच करील, कारण त्यास तो घालवावयाचा असतो. म्हणून त्याच्याही आधीच्या घरमालकास विचारावे. त्याचा आता काही स्वार्थ उरलेला नसतो.

दुसरी चौकशी उत्पन्नाची. भाडे मासिक प्राप्तीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावे, हा व्यवहारातील साधा अंदाज आहे. परंतु आपल्या भागात सर्वांची प्राप्ती मासिक नसते. शिक्षक, बँकेतील कारकून यांचा पगार महिन्याचा. कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्याच्या हाती पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. मुलांच्या शिक्षणासाठी गावातून शहरात बिऱ्हाड करणाऱ्या अशा शेतकऱ्यास केवळ दरमहा पगार नाही म्हणून नाकारू नये. हंगामात सहा महिन्यांचे भाडे एकदम घ्यावे व तसे करारात लिहावे.

तिसरी चौकशी माणसांची. किती जण राहणार, पाहुणे किती काळ राहतात, हे आधीच विचारावे. आपल्याकडे उन्हाळ्यात नळास काही दिवसांआड पाणी येते. टाकी तीच आणि माणसे दुप्पट, यातून जितकी भांडणे होतात तितकी भाड्यावरूनही होत नाहीत. शेगाव, खामगाव, बुलढाणा येथे शिकावयास आलेल्या मुलांस खोली देताना त्यांच्या पालकांची प्रत्यक्ष गाठ घ्यावी व करारावर त्यांची सही असावी. ओळखपत्र व छायाचित्र घेऊन भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती देता येते.

याउपर करारनामा. अकरा महिन्यांचा कागद साध्या मुद्रांकावर लिहिला की काम झाले, अशी आपल्यात सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या 1908 च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीवरून अकरा महिन्यांची रूढी पडली. परंतु 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते व ते खोडून काढण्याचा भार आपल्यावर येतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उलट राहण्यासाठी परवानगीचा करार लेखी केला असेल, तर कलम 24 अन्वये मुदत संपताच ताबा मागता येतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. अधिनियम कोणत्या क्षेत्रांस लागू आहे हे त्याच्या परिशिष्टांत दिलेले आहे. आपल्या गावापुरते वकिलास विचारून घ्यावे.

येथे आम्हांस थोडे कटू बोलणे भाग आहे. भाड्याच्या ज्या तंट्यांत तडजोडीसाठी आम्हांस बसावे लागले, त्यांतील बहुतेक परक्यांशी नव्हते, आपल्याच माणसांशी होते. “आपल्यातला आहे, त्याच्याकडून कागद काय घ्यायचा?” म्हणून ना चौकशी, ना अनामत, ना पावती. पुढे भाडे थकते, मागण्याचा संकोच होतो, आणि शेवटी घर व नाते दोन्ही नासतात. परक्यास जे प्रश्न विचारावयाचे, तेच भाच्यास व व्याह्यासही विचारावे. त्यात अपमान नाही.

आणि जो प्रश्न मुळीच विचारू नये, तो जातीचा. आपले मंडळ जातीच्या नावाने उभे आहे. म्हणूनच ही गोष्ट येथे बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात आश्रय घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. एवढ्या विद्वत्तेपुढे त्या लोकांनी विचारले काय, तर जात. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा 1955 च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी जातीवरून भाडे वेळेवर येईल की नाही हे कळत नाही. आज आपलीही मुले-मुली पुण्यास, नागपुरास खोली शोधत दारोदार फिरतात. तेथे आडनाव ऐकून दार लागले तर आपणांस जे वाटेल, ते आपल्या दारी आलेल्यास वाटू नये. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेस वा परिचारिकेस, ती एकटी आहे एवढ्यावरून नाकारणेही तितकेच अनुचित होय.

भाडेकरूची पारख करणाऱ्याने आपली पारखही होऊ द्यावी. दरमहा पावती द्यावी. वाद झाला तरी पाणी वा वीज तोडू नये. कायद्याने तो अपराध आहे. घर सोडताना अनामत रक्कम हिशेब दाखवून परत करावी.

शेवटी एक सूचना. चौकशीच्या प्रश्नांचा एक छापील तक्ता व कराराचा नमुना वकिलांकडून तपासून मंडळाने सभासदांस द्यावा. त्यात जातीचा रकाना नसावा. ही सूचना अध्यक्ष महाराजांनी कार्यकारी मंडळापुढे ठेवावी, अशी आमची विनंती आहे.